पाच कोटींचा संसार

पाच कोटी म्हणजे किती, हे जामखेडच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्याला काय कळणार! पण प्रो कबड्डीतल्या संघाला खेळाडूंचा सारा संसार तेवढ्यातच मांडावा लागतो. चढाईला चपळ पोरं हवीत, पकडीला भक्कम कोपरे हवेत, शिवाय राखीव.

पुणेरी पलटण २०२२ ची अंतिम लढत हरली. मग तिनं अनुभवी कप्तान फझल अत्राचलीला सोडलं, संघ अस्लम इनामदारवर सोपवला (हे आमच्याच जिल्ह्याचं पोर, बरं का!) आणि २०२३ च्या लिलावात इराणच्या शादलूईवर २ कोटी ३५ लाख ओतले. जवळजवळ निम्मी थैली एका पाहुण्यावर! पण १ मार्च २०२४ ला पलटण २८-२५ अशी अजिंक्य ठरली.

पुढल्या लिलावाआधी मात्र शादलूईलाही सोडलं. हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांत उचललं. इकडे अस्लम जायबंदी झाला, पलटण बाद फेरीलाही मुकली, आणि हरियाणानं विजेतेपद पटकावलं; तेही पुण्यात, बालेवाडीला! माझे विद्यार्थी आठवडाभर सुतकात होते.

मला विचाराल तर सोडलं ते बरंच केलं. एकाच्या मनगटापायी घरची चार पोरं घालवायची? अस्लमच्या पलटणनं २०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली. दिल्लीकडून हरली खरी, पण तीनच गुणांनी.

तीन गुण म्हणजे शादलूईच्या दोन-तीन पकडी, असं मुलं म्हणतात. त्या दिवशी व्याकरणाचा तास बुडतो.