नशेत आलेली पीडिता आणि आपला केसपेपर

रात्री अपघात विभागात एक स्त्री येते. बोलणे अडखळते, तोंडाला दारूचा वास येतो. अत्याचार झाल्याचे ती सांगते. पण केसपेपरवर आधी नोंद होते ती त्या वासाची. ‘उतरली की बघू’ म्हणून तिला बाहेरच्या बाकावर बसवले जाते. सरकारी नोकरीत हे मी अनेकदा पाहिले. सुरुवातीच्या काळात मीही असेच केले आहे.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कारपीडितेवर तातडीने, मोफत उपचार केलेच पाहिजेत. टाळाटाळ केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नशेचा अपवाद त्यात नाही. उलट न्याय संहितेचे कलम ६३ सांगते, की नशेमुळे परिणाम न समजता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. जी नशा आरोपीविरुद्ध मोजायची, ती आपण पीडितेविरुद्ध मोजतो.

या विलंबाची किंमत मोठी आहे. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर, तितकी उपयोगी. गुंगीचे औषध पाजले असेल, तर त्याचा अंश लघवीतूनही लवकर नाहीसा होतो. शिवाय रोज पिणाऱ्या स्त्रीला दारू तुटल्यावर काही तासांतच थरथर सुटते, कधी झटकेही येतात. मग ती उठून जाते आणि आपण ‘न सांगता निघून गेली’ असे लिहितो.

न्यायवैद्यक तपासणीला तिची समजून दिलेली संमती हवीच. तेवढी शुद्ध नसेल तर थांबावे. पण तिला वॉर्डात, परिचारिकेच्या नजरेसमोर ठेवून. जखमांचे उपचार तेव्हाही थांबत नाहीत.

गर्द घेणाऱ्या स्त्रिया तर रुग्णालयात यायलाच घाबरतात. अमली पदार्थांचे सेवन गुन्हा आहे आणि बलात्काराची खबर आम्हाला पोलिसांना द्यावीच लागते. पण स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते, हे त्यांना कोणी सांगत नाही. महिलांसाठीची १८१ आणि व्यसनमुक्तीची १४४४६ या दोन्ही हेल्पलाइनचे क्रमांक अपघात विभागाच्या भिंतीवर शेजारी शेजारी हवेत.

वासाची नोंद जरूर करा. पण त्याआधी लिहा, ती किती वाजता आली आणि पहिले औषध तिला किती वाजता मिळाले.