शीतकपाटाचा जमाखर्च

फ्रीज ही चैन की गरज, हा प्रश्न वक्तृत्वस्पर्धेत शोभतो. ज्यांच्या घरी तो यायचा असतो त्यांच्यापुढे तो प्रश्न नसतो. सरकारच्या लेखी मात्र हा वाद परवापरवापर्यंत चालू होता. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा फ्रीज २८ टक्क्यांच्या वरच्या पंगतीत बसला होता. वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, त्याला उठवून १८ टक्क्यांच्या पंगतीत बसवण्यात आले. आमच्या घरच्या १४,३०० रुपयांच्या फ्रीजच्या पावतीत २,१८१ रुपये या कराचे आहेत. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हटल्यावर पावती आधी वाचायची आणि वस्तू नंतर पाहायची, अशी वाईट खोड लागते. त्या खोडीतूनच हा लेख निघाला आहे. माझे म्हणणे एवढेच, की फ्रीज घेताना आपण जे आकडे मोजतो ते बहुधा चुकीचे असतात, आणि ज्यांचा हिशेब मांडायला हवा त्यांना वहीत पानच नसते.

आधी शब्दाविषयी थोडेसे. मराठी शब्दकोश ‘शीतकपाट’ म्हणतो, पण माझ्या ऐकण्यात तो शब्द कोणी बोललेला नाही. या मासिकाच्या कन्नड विभागातले आमचे मित्र अधिक गमतीदार आहेत. कन्नडात ‘तंपु पेट्टिगे’ म्हणजे थंड पेटी. पण थट्टेत तिला ‘तंगळु पेट्टिगे’ म्हणतात, म्हणजे शिळ्या अन्नाची पेटी. एका अक्षराच्या फेरफारात केवढी टीका! मी दोन्ही भाषांत ती ऐकली आहे. मराठीतली आवृत्ती अशी: ‘फ्रीज आला, आता बायका तीन दिवसांचे शिळे वाढणार.’ ही थट्टा करणाऱ्यांपैकी स्वतः पीठ भिजवणारा अजून मला भेटलेला नाही. या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे.

आमच्या घरी फ्रीज आला तो मात्र भाजीसाठी नव्हे, दुधासाठीही नव्हे. तो आला आजीच्या इन्शुलिनसाठी. शहापुरात आमच्या दोन खोल्या. बाबा रविवार पेठेत एका घाऊक दुकानाचे दिवाणजी. आजीला इन्शुलिन सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली, अशी सोय आईने केली. ही सोय अडाण्याची नव्हे. ओल्या वाळूतले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतले मडके थंड राहते. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने. वापरात काढलेल्या बाटलीला साधारण चार आठवडे, खोली फार तापलेली नसेल तर, एवढे पुरते. परंतु महिन्याचा साठा आणून ठेवायचा तर मडके काही आठ अंशांपर्यंत उतरत नाही. आजी एकेक बाटली आणवी आणि एप्रिल-मे आला की घरातले सगळे त्या मडक्याकडे तान्ह्या मुलासारखे लक्ष ठेवून असत.

एवढे सांगितल्यावर वाचकांना वाटेल, मग निवड सोपी. लहानातला लहान फ्रीज घ्यावा. पण दुकानात पाय टाकताच गरजेचे रूप पालटते. खडे बाजारातल्या त्या दुकानात आम्हांला प्रथम दोन दारांचा, अडीचशे लिटरच्या वरचा, काचेच्या दाराचा फ्रीज दाखवण्यात आला. ‘लग्नकार्याच्या घरी हाच बरा’, असे विक्रेता म्हणाला. आमच्या घरी लग्नकार्य नव्हते. दाराच्या रंगाविषयी तो बाबांशी बोलला, हप्त्यांविषयी माझ्याशी. आईशी तो फक्त ‘बसा ना, काकी’ एवढेच बोलला. जी बाई दिवसातून तीस-चाळीस वेळा ते दार उघडणार तिला एकही प्रश्न नाही! आईनेच मग आपणहून विचारले, ‘यात पाच लिटरचे पातेले उभे राहते का?’ त्या दोन दारांच्या डौलदार कपाटात ते राहत नव्हते. मधला कप्पा काढला असता तर राहिले असते, पण मग काकडी कुठे ठेवायची? त्या दिवशी दुकानात विचारला गेलेला अर्थपूर्ण प्रश्न हा एकच, असे माझे मत आहे.

आम्ही घेतला तो एका दाराचा, १८० लिटरच्या आसपासचा, ज्याला दुकानदार ‘डायरेक्ट कूल’ म्हणतात तो. यात पंखा नसतो. वरच्या बर्फाच्या कप्प्याभोवतीची थंडी आपोआप खाली उतरते. बर्फ साचतो आणि तो आपणच बटण दाबून वितळवावा लागतो. दोन दारांच्या ‘फ्रॉस्ट फ्री’मध्ये पंखा थंड हवा फिरवतो आणि एक छोटा तापक साचलेले हिम मधूनमधून वितळवतो, सोय अधिक, आणि त्या सोयीला वीजही लागते.

आता ताऱ्यांविषयी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे हे तारे २००६ पासून आपल्याकडे आले. लोक तारे मोजतात; मला वाटते तारे मोजू नयेत, त्यांच्या खाली छापलेला वर्षाच्या युनिटचा आकडा वाचावा. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे जुने पाच तारे नव्या मापाने चारच ठरू शकतात. युनिट मात्र युनिटच राहते. आमच्यापुढे दोन फ्रीज होते. तीन ताऱ्यांच्या फ्रीजवर वर्षाला १५५ युनिट छापले होते, पाच ताऱ्यांच्यावर ११५. किमतीतला फरक २,६०० रुपये. ‘पाच तारे घ्या, वीज वाचेल’, हे सर्वांनीच सांगितले. किती वाचेल, हे कोणी सांगितले नाही.

कर्नाटकात राहणाऱ्यांना येथे आणखी एक पदर मोजावा लागतो. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत घराला २०० युनिटपर्यंत वीज मोफत, असे आपण सरसकट बोलतो. पण प्रत्येक घराची मर्यादा वेगळी आहे. २०२२-२३ या वर्षातली त्या घराची महिन्याची सरासरी घ्यायची आणि तीवर दहा टक्के चढवायचे. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने थोडी वीज वापरणाऱ्या घरांसाठी दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट देण्याचे ठरवले. आमची सरासरी ४४. म्हणजे मर्यादा ५४. आता तीन ताऱ्यांचा फ्रीज महिन्याला जवळजवळ १३ युनिट घेणार. ४४ अधिक १३ म्हणजे ५७. तीन युनिटचे पैसे भरायचे. पाच ताऱ्यांचा साडेनऊच्या थोडे वर घेणार. त्यात आम्ही मर्यादेच्या आत राहतो. तेव्हा पाच ताऱ्यांनी आमचे महिन्याला तीन युनिट वाचणार, वर्षाला पस्तीसच्या आसपास. करासह साडेसहा रुपयांनी धरले तरी सव्वादोनशे रुपये. २,६०० रुपये वसूल व्हायला अकरा वर्षांहून अधिक काळ! आम्ही तीन तारे घेतले.

पण हेच उत्तर सर्वांनी उचलू नये. ज्या घराचा वापर महिन्याला १८८ युनिट आहे, त्या घरी तीन ताऱ्यांचा फ्रीज आला तर आकडा २०१ होतो, आणि २०० ओलांडले की एका युनिटचे नव्हे, सगळ्याच्या सगळ्या २०१ युनिटचे बिल येते. ते बाराशेच्या पुढे जाणार. त्या घराला पाच तारे एकदोन महिन्यांच्या बिलातच परवडतात. एकच वस्तू, एकच किंमत, आणि दोन घरांत तिचा हिशेब इतका निराळा. सीमांत खर्चाचे प्रकरण मला वर्गात जेवढे उमगले नव्हते तेवढे या बिलावरून उमगले. अर्थात लेबलावरचा आकडा प्रयोगशाळेतला. दार किती वेळा उघडते आणि आत गरम आमटी ठेवली जाते का, यावर तो हलतो. मोफत युनिटचे पैसे सरकारी तिजोरीतून म्हणजे फिरून आपल्याच करातून जातात, तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

हप्त्यांची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येईल. ‘शून्य टक्के व्याज, दीड हजाराचे दहा हप्ते’ असे विक्रेता म्हणाला. रोखीने घेतल्यास सातशे रुपये कमी. हप्त्याने घेतल्यास कागदपत्रांचे पाचशे वेगळे आणि ते आधी. म्हणजे १४,३०० ची वस्तू, त्यातले पाचशे आम्हीच दिलेले. खरे कर्ज १३,८०० चे आणि फेड १५,००० ची. कर्जाची शिल्लक दर महिन्याला घटत जाते हे धरून हिशेब केला तर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर दर पडतो. शून्याचा शोध भारतात लागला हे खरे, पण त्याचा इतका लवचिक उपयोग पूर्वजांना सुचला नसेल. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. तरीही पाटी नाव बदलून उभी राहते. आम्ही रोख दिले, आणि ती रोख आईच्या भिशीची होती. गल्लीतल्या बायकांची भिशी. तिचा नंबर लागला होता.

फ्रीज घरात आल्यावरच्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून भराभर सांगतो. तो भिंतीला चिकटवू नये; आतली उष्णता मागून बाहेर पडते, तिला जायला वाट हवी. साचलेला बर्फ सुरीने खरवडू नये. त्या पत्र्याच्या आत वायूची नळी असते, ती फुटली की दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस थंड होतो. हल्लीच्या बहुतेक फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला अपाय करत नाही, पण ज्वालाग्राही आहे. वीज गेली तर दार उघडू नये. बंद दाराआड अन्न साधारण चार तास टिकते. आणि इन्शुलिन बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामीच. दारातही ठेवू नये, तेथे उघडझाप फार. आमच्याकडे ते मधल्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात असते. शेजारच्या अक्कांच्या यजमानांचेही त्याच डब्यात असते. अक्का कन्नडात हाक मारतात, आई मराठीत ओ देते, आणि डब्यावरच्या चिठ्ठ्या दोन्ही लिप्यांत मी लिहिल्या आहेत.

आता त्या ‘तंगळु पेट्टिगे’कडे वळतो. आई शिवणकाम करते. पूर्वी ती पाचला उठून वाटण वाटी, कारण आदल्या रात्रीचे वाटण मे महिन्यात आंबून जाई. आता वाटण दोन दिवसांचे होते, कणीक रात्री मळून ठेवता येते, दूध दोनदा तापवावे लागत नाही. सकाळचा जवळजवळ एक तास वाचतो. वहीच्या भाषेत, ही या मालमत्तेची खरी मिळकत. पण ती कोणाच्या खात्यावर जमा होते? पहिला महिनाभर ती आईच्या खात्यावर होती; ती सहाला उठे. मग बाबांना संध्याकाळी डोसे सुचू लागले, ‘पीठ असतेच ना’ म्हणून. धाकट्या बहिणीला कस्टर्ड, पाहुण्यांना थंड सरबत. अक्कांच्या घरी तर पाहुणे बर्फ मागू लागले आणि ट्रे आमच्याकडून जाऊ लागला. वाचलेला तास बघता बघता फ्रीजनेच खाऊन टाकला.

म्हणून ‘फ्रीजने बायका आळशी झाल्या’ म्हणणारे आणि ‘फ्रीजने बायकांची सुटका केली’ म्हणणारे, दोघेही मला सारखेच उथळ वाटतात. यंत्र श्रम वाचवते. वाचलेले श्रम कोणाकडे राहावेत हे यंत्र ठरवत नाही, घर ठरवते. आमच्या घरी आता असे ठरले आहे की संध्याकाळी डोसे हवे असतील तर डाळ-तांदूळ भिजत घालणे आणि वाटणे ज्याला हवे त्याने करावे. बाबांनी दोन रविवार केले, नंतर डोशांची आवड ओसरली. बर्फ वितळवणे आणि कपाट पुसणे माझ्याकडे आहे. आई पुन्हा सहाला उठते. त्या तासात ती शिवते असे नाही. कधी वर्तमानपत्र घेऊन बसते, कधी नुसतीच बसते. शिळे म्हणाल तर पूर्वी उरलेला भात सकाळी आईच एकटी खाई, गरम करून किंवा तसाच. आता तो फ्रीजमध्ये राहतो आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन सर्वांच्या ताटात पडतो. थट्टा करणाऱ्यांचे दुखणे बहुधा हेच असावे.

राहता राहिली पावती. पैसे आईच्या भिशीचे, निवड आईच्या पातेल्याची. पावतीवर आणि हमीपत्रावर नाव बाबांचे. विक्रेत्याने न विचारताच ते घातले. मी ते खोडून घेण्याविषयी बोललो तर आई म्हणाली, ‘असू दे रे, थंड तर तेवढेच होते.’ जमाखर्चाचा विद्यार्थी म्हणून मला हे पटत नाही. ज्याने भांडवल घातले त्याच्या नावे मालमत्ता दिसली पाहिजे, हा पहिल्या वर्षातला पहिला धडा आहे. भिशीचा पुढचा नंबर फेब्रुवारीत लागेल. आईच्या मनात शिवणयंत्राला मोटर बसवून घ्यायची आहे. दुकानात मी बरोबर जाणार आहे, आणि नाव विक्रेत्याने विचारायच्या आधी सांगणार आहे.