वर्षाच्या आत

घरात मृत्यू झाला की तेराव्यालाच कुणीतरी वडीलधारं विषय काढतं, "पोरीचं वर्षाच्या आत उरकून घ्या, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल." पोर सोळा वर्षांची. आई जाऊन दोन आठवडेही झालेले नसतात. सुतक फिटल्यापासून भाकऱ्या तीच थापते आहे आणि भेटायला येणाऱ्या बायका कौतुकानं म्हणताहेत, "आता धाकट्यांची आई तूच गं!"

वस्तीतल्या मुलींच्या गटात मी हे पुन्हा पुन्हा ऐकते. मला हे कौतुक क्रूर वाटतं. आई गेलेल्या मुलीलाच आईच्या जागी बसवलं, तर तिनं आईसाठी रडायचं कधी? (भावाला तर 'बाईसारखा रडू नकोस' म्हणून आधीच गप्प केलेलं असतं.) या वयात दुःख मोठ्यांसारखं दिसत नाही. सकाळी मैत्रिणीशी खिदळेल, रात्री झोपणार नाही, शुल्लक गोष्टीवरून भांडेल. आपण म्हणतो, हिला काही वाटतच नाही. आणि स्थळं पाहायला लागतो.

अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. 1098 वर कळवता येतं. पण त्याआधीच मावशी-आत्यांनी दोनेक महिने चूल हाती घ्यावी, तिला शाळेत धाडावं, आणि आईला नेमकं काय झालं होतं ते नीट सांगावं. बहुतेक घरांत तिला ते कुणी सांगितलेलंच नसतं.