हलका ब्राउझर : वाचायला चांगला, अर्जाला नको

भगिनींनो, मुलांच्या हाती जुना, कमी मेमरीचा मोबाईल असेल तर ऑपेरा मिनीसारखा हलका ब्राउझर उपयोगी पडतो. २००६ साली तो जगभर खुला झाला. त्यात पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथे लहान केले जाते आणि मग मोबाईलवर येते. त्यामुळे डेटा वाचतो. संथ नेटवरही बातम्या, निकाल, अभ्यासाचा मजकूर उघडतो.

परंतु सर्वाधिक बचतीच्या पद्धतीत आपली माहितीही त्या मधल्या सर्व्हरवर उलगडते. पानावरची काही बटणे चालत नाहीत, कागदपत्रे जोडताना अडचण येते. म्हणून बँकेचा व्यवहार आणि शिष्यवृत्तीचा अर्ज पूर्ण ब्राउझरमधूनच करावा, पोचपावती जपून ठेवावी. थोड्या डेटापायी मुलीची शिष्यवृत्ती हुकू देऊ नका.