‘पॉवर’ म्हणजे खरेदीखत नव्हे

नवी मुंबईत ‘पॉवर करून घेतली’, म्हणजे कुलमुखत्यारपत्र करून घेतले, असे म्हटले की खरेदी पुरी झाली, असा अर्थ जमिनीच्या बाजारात वर्षानुवर्षे रूढ आहे. या रूढीचे मूळ साडेबारा टक्के योजनेत सापडते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी या शहरासाठी संपादित झाल्या, त्यांना भूसंपादनाविरुद्धच्या १९८४ च्या जासईच्या रक्तरंजित आंदोलनानंतर काही वर्षांनी संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. सुविधांसाठीची कपात वजा जाता हाती येतात ते पावणेनऊ टक्के, म्हणजे हेक्टरामागे ८७५ चौरस मीटर. हा भूखंड शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाने भाडेपट्ट्याने दिला, आणि तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर सिडकोची परवानगी, हस्तांतरण शुल्क आणि सिडको, देणारा व घेणारा यांच्यातील त्रिपक्षीय करार आवश्यक ठरला. ही वाट लांबची आणि खर्चाची असल्याने रोख रक्कम, साठेकरार आणि ‘कधीही रद्द न होणारे’ कुलमुखत्यारपत्र अशी आडवाट निघाली. (यातील ‘कुल’ हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ ‘समग्र’ असा आहे, ‘कुळमुखत्यार’ लिहिणारे त्याचा संबंध उगाच कुळाशी जोडतात.)

या आडवाटेच्या समर्थकांचा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०२ नुसार ज्या मालमत्तेसंबंधी अधिकार दिला तिच्यात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्या हितसंबंधाला बाध येईल अशा रीतीने तो अधिकार काढून घेता येत नाही. मोबदला देऊन घेतलेले मुखत्यारपत्र म्हणूनच मालकीच्या तोडीचे, असे ते म्हणतात. परंतु येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. अधिकार काढून घेता न येणे वेगळे आणि मालकी मिळणे वेगळे. मुखत्यार सही करतो ती दुसऱ्याच्या वतीने, आणि ज्याच्या वतीने सही होते तोच मालक असतो, हे त्या कागदाच्या पहिल्याच ओळीत गृहीत धरलेले असते. शिवाय ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द टंकलिखित केल्याने हितसंबंध निर्माण होत नाही. तो नसेल तर कलम २०१ लागू होते आणि लिहून देणारा वृद्ध शेतकरी वारताच अधिकारही संपतो. मग मुले, विवाहित मुली, नातवंडे अशा सर्व वारसांच्या सह्या गोळा करत फिरण्याची पाळी पैसे मोजून बसलेल्या माणसावर येते.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात हाच मुद्दा निकालात काढला: साठेकरार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधून स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत हस्तांतरणपत्रच हवे. स्वस्ताईचा युक्तिवादही टिकत नाही, कारण मोबदला घेऊन विक्रीच्या अधिकारासह दिलेल्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्रात खरेदीखताच्या दरानेच मुद्रांक शुल्क लागते.

या निकालानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि मुखत्यारपत्र म्हणजे फसवणुकीचे साधन, अशी समजूत पसरली. तीही तितकीच चुकीची आहे. पती, पत्नी, मुले, भावंडे किंवा नातेवाइकांना प्रामाणिकपणे दिलेल्या मुखत्यारपत्रांना धक्का लागत नाही, असे त्याच निकालात स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मुलीला वाशीतील सदनिका विकायची असेल, तर ती तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत वडिलांच्या नावे विशेष मुखत्यारपत्र, म्हणजे एका ठरावीक कामापुरता अधिकार देणारा कागद, करू शकते. तो भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घेतला की वडील दुय्यम निबंधकासमोर खरेदीखतावर सही करतात. येथे विक्रेती मुलगीच राहते आणि मालकी खरेदीखताने जाते. वडिलांचा हात तेवढा उसना असतो. तो हात कुठवर पोहोचतो, हे कागदातील शब्द ठरवतात: ‘विक्रीची बोलणी करणे’ एवढेच लिहिले असेल तर त्यात खरेदीखत करून देण्याचा अधिकार येत नाही. अधिकार रद्द केला तरी समोरच्याला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो चालूच राहतो, म्हणून रद्द केल्याची सूचना बँकेला आणि गृहनिर्माण संस्थेला देणे हे रद्दलेखाइतकेच महत्त्वाचे ठरते.

या साधनातील खरी उणीव मात्र दोन्ही पक्षांच्या ध्यानात येत नाही. कलम २०१ मृत्यूबरोबरच बुद्धिभ्रंशालाही अधिकाराचा शेवट मानते. इंग्लंडमध्ये १९८६ पासून निर्णयक्षमता गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. भारतात तशी सर्वसाधारण तरतूद नाही. त्यामुळे नेरूळमधील एखाद्या वृद्धाने शहाणपणाने आधीच मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले, तरी स्मृतिभ्रंशाने त्याला व्यवहार कळेनासा होतो तेव्हाच ते निकामी होते, आणि त्याच्या उपचारांसाठी त्याच्याच ठेवी मोडण्याकरिता मुलाला पालकत्वाचा अर्ज घेऊन उच्च न्यायालयात उभे राहावे लागते.