जुनी जीप आणि तेलाचा हिशेब

चारही चाकांस जोर देणारी जुनी जीप फार तेल खाते, सबब ती मोडींत काढावी, असा सल्ला कल्याण-मुरबाडकडील शेतकऱ्यांस हल्लीं वारंवार मिळतो. सल्ला देणारानें हिशेब मांडलेला मात्र क्वचितच आढळतो. मुलकी खात्यांत कारकुनी करीत असतां एका कचेरींतील जीपचें लॉगबुक मीं कित्येक वर्षें पाहिलें. लिटरमागील किलोमीटरांचा आकडा माळशेजच्या पायथ्याकडील आणेवारीच्या फेरीस जो, तोच डोंबिवलीच्या डांबरी रस्त्यासही! असल्या आकड्यावर कोणीं विसंबावें?

मुंबईंत १९४७ च्या सुमारास जुळवूं लागलेल्या विलिस जीपचें एंजिन सुमारें २.२ लिटरचें व पेट्रोलचें होतें. पुढें महिंद्राच्या कांहीं जीपांस प्यूजोचें डीझेल एंजिन आलें, तरी पेटीसारखा आकार व वजन कायमच राहिलें. हा दोष मला मान्य आहे. पण शिळफाट्याच्या खोळंब्यांत नवी गाडीही उभ्या उभ्या तेल जाळते. शिवाय कोरड्या डांबरावर पुढील चाकांचा जोर चालू ठेवणें हा निव्वळ अपव्यय होय. वळणावर पुढील चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात. दोन्ही आंस एकत्र जखडलेले असल्यानें टायर घासतात व तेलही जातें. तो जोर खाचराच्या चिखलासाठीं आहे.

टांकी काठोकाठ भरून मीटरचा आकडा टिपावा. पुन्हा काठोकाठ भरतांना जितके लिटर बसतील, त्यांनीं चाललेल्या किलोमीटरांस भागावें. चिखलांतील दिवस निराळे लिहावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नवी करण्याच्या वेळीं ही वही समोर असावी.

माझ्या शेजाऱ्यानें वही न ठेवतांच गतवर्षीं जीप विकली. यंदा लावणीच्या वेळीं खत खाचरापर्यंत नेण्यास त्यानें ट्रॅक्टर भाड्यानें आणिला.