ऑटो रिप्लायची एरर आली? आधी ब्राउझर उघडा, मग माणूस बोलवा

या आठवड्याच्या व्हिडिओत आउटलुकमधल्या ऑटोमॅटिक रिप्लायची एरर कशी काढायची ते स्क्रीनवर दाखवलं आहे. पण काही गोष्टी व्हिडिओत बोलता येत नाहीत. तिथे लोकांना फक्त 'कुठे क्लिक करू' एवढंच हवं असतं. म्हणून इथे माझं मत जरा सविस्तर लिहितो. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

माझं मत एका वाक्यात सांगतो. दुकान बंद असताना जे उत्तर ग्राहकाला जायला हवं, ते दुकानातल्या कॉम्प्युटरच्या भरवशावर ठेवू नका.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

माझ्याच दुकानातली गोष्ट

कोल्हापुरात माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. बॉक्स, टेप, बबल रोल, असा माल. दिवाळीत पाडव्यापासून पाच दिवस आम्ही बंद ठेवतो. त्या वर्षी बंद करायच्या संध्याकाळी मी बिलिंगला बसणाऱ्या मुलीला सांगितलं, "मेलवर सुट्टीचा मेसेज लावून ठेव." मी बाहेर टेम्पो भरत होतो. थोड्या वेळाने ती आली आणि म्हणाली, "दादा, सर्व्हर उपलब्ध नाही म्हणतंय. नंतर प्रयत्न करा असं येतंय." मी तिच्याकडे न बघताच म्हणालो, "मग कर की नंतर." तिने आठ वाजेपर्यंत तीन वेळा करून बघितलं. तेच. शेवटी शटर ओढलं आणि सगळे घरी गेलो.

सुट्टीत आजऱ्याकडच्या एका काजूवाल्याचा मेल आला होता. पाच प्लायच्या बॉक्सचा रेट हवा होता, आणि लगेच. नेहमीचा माणूस. दोन दिवस वाट बघून त्याने दुसरीकडे ऑर्डर दिली. नंतर फोनवर म्हणाला, "अहो, दुकान बंद आहे एवढं जरी कळलं असतं, तरी थांबलो असतो. मला वाटलं, तुम्हाला नको आहे काम."

फोन ठेवला आणि मी त्या मुलीवर ओरडलो. सगळ्यांसमोर. "एवढंसं काम सांगितलं होतं." ती काही बोलली नाही.

मग एक माणूस बोलावला. त्याने ऑफिस रिपेअर केलं, काढून पुन्हा टाकलं, पैसे घेतले आणि गेला. एरर तशीच. शेवटी मी स्वतः बसलो तेव्हा कळलं की चूक कॉम्प्युटरची नव्हती आणि त्या मुलीची तर नव्हतीच. काही महिन्यांपूर्वी आम्ही मेल जुन्या होस्टिंगवरून नवीन सेवेवर हलवले होते. तेव्हा डोमेनमधली एक नोंद बदलायची राहिली होती. डोमेनचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. म्हणजे ती नोंद बदलायचं काम माझंच होतं.

तिला सॉरी म्हणायला मला चार दिवस लागले. ऑर्डर गेल्यापेक्षा ते चार दिवस मला जास्त लागतात.

एरर खरं काय म्हणते?

"तुमच्या ऑटोमॅटिक रिप्लायची सेटिंग्ज दाखवता येत नाहीत, कारण सर्व्हर सध्या उपलब्ध नाही. नंतर पुन्हा प्रयत्न करा." हा तो मेसेज. वाचणारा काय समजेल? की तिकडे काहीतरी बंद आहे, थोड्या वेळाने होईल. पण त्याच वेळी मेल तर येतायत आणि जातायत! मग सर्व्हर बंद कसा?

गंमत इथेच आहे. क्लासिक आउटलुक मेल आणायला एक रस्ता वापरतं आणि सुट्टीच्या मेसेजची सेटिंग्ज आणायला दुसरा. हा दुसरा रस्ता कुठून जातो, हे ते 'ऑटोडिस्कव्हर' नावाच्या सोयीकडून विचारून घेतं. तुमच्या डोमेनवर पाटी लावलेली असते, 'मेलचं ऑफिस अमुक ठिकाणी.' ती पाटी जुनी असेल किंवा तुमच्या वेबसाइटचं होस्टिंगच मध्ये येऊन चुकीचा पत्ता सांगत असेल, तर मेल व्यवस्थित चालतात आणि फक्त ऑटो रिप्लाय अडकतो. सर्व्हर जागेवरच असतो. आउटलुक चुकीच्या दारावर टकटक करत असतं.

म्हणून 'नंतर प्रयत्न करा' या सल्ल्यावर माझा राग आहे. पाटी चुकलेली असेल तर नंतर कितीही वेळा प्रयत्न केला तरी दार तेच.

मग करायचं काय? या क्रमाने करा

पहिलं, ब्राउझर उघडा. तुमचा मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्स्चेंजवर असेल, तर वेबवरच्या आउटलुकमध्ये लॉगिन करा, सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिक रिप्लाइज' शोधा, तारखा टाका, मेसेज लिहा, सेव्ह करा. झालं. ही सेटिंग शेवटी सर्व्हरवरच राहते, मग ती आउटलुकमधून लावा नाही तर वेबवरून. शटर ओढायची वेळ झाली असेल तर एवढं करा आणि घरी जा. दुरुस्ती सुट्टीनंतर.

दुसरं, वेबवर लागतंय पण आउटलुकमध्ये एरर येते, तर पाटी तपासा. आउटलुक चालू ठेवा. खाली घड्याळाजवळ आउटलुकचं चिन्ह असतं. कंट्रोल दाबून त्यावर राइट क्लिक करा आणि 'टेस्ट ईमेल ऑटोकॉन्फिगरेशन' निवडा. त्यात 'गेसस्मार्ट'च्या दोन्ही टिक काढा, फक्त ऑटोडिस्कव्हर ठेवा आणि टेस्ट करा. निकालात 'ओओएफ यूआरएल' अशी ओळ आली का बघा. ती नसेल किंवा पत्ता जुन्या होस्टिंगचा दिसत असेल, तर चोर सापडला. मग डोमेनच्या डीएनएसमधली ऑटोडिस्कव्हरची नोंद दुरुस्त करायची. हे काम डोमेन सांभाळणाऱ्याचं आहे, बिलिंगवाल्या मुलीचं नाही.

तिसरं, पाटी बरोबर असेल तरच कॉम्प्युटरकडे वळा. आउटलुक सेफ मोडमध्ये उघडून बघा. तिथे चाललं तर एखादं ॲड-इन त्रास देतंय. नाही तर कंट्रोल पॅनलमधल्या 'मेल'मध्ये जाऊन नवीन प्रोफाइल बनवा. ऑफिस रिपेअर हा शेवटचा उपाय. आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवातच तिथून होते, म्हणून पैसे जातात आणि एरर राहते.

बटणच दिसत नाही?

हा प्रश्न मला ट्रेनिंगमध्ये सारखा येतो. "सर, फाईलमध्ये गेलो, पण ऑटोमॅटिक रिप्लाइज असं काही नाहीच." म्हणजे बहुतेक तुमचं खातं पॉप किंवा आयमॅप पद्धतीने जोडलेलं आहे. त्यात ते बटण येत नाही.

मग कोणीतरी सांगतं की टेम्प्लेट बनवा, रूल लावा, आउटलुक आपोआप उत्तर देईल. बरोबर आहे, देतं. पण त्यासाठी आउटलुक उघडं हवं, कॉम्प्युटर चालू हवा, इंटरनेट हवं. दुकान पाच दिवस बंद आणि आत कॉम्प्युटर चालू? लाईट गेली की तुमचं उत्तरही गेलं. मी हा उपाय शिकवतच नाही. यावर काही जण नाराज होतात, होऊ देत.

त्याऐवजी जिथे मेल राहतो तिथे जा. जीमेल आउटलुकला जोडलं असेल, तर ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'व्हेकेशन रिस्पॉन्डर' लावा. होस्टिंगचा मेल असेल, तर बऱ्याच ठिकाणी सीपॅनेलमध्ये 'ऑटोरिस्पॉन्डर्स' मिळतं. सुरुवात आणि शेवट दोन्ही टाका. शेवट न टाकता लावलेला दिवाळीचा मेसेज तुळशीच्या लग्नानंतरही जात राहतो आणि ग्राहक हसतो.

लावलं म्हणजे झालं असं नाही

आउटलुकमध्ये दोन भाग असतात. एक तुमच्या संस्थेतल्या लोकांसाठी, दुसरा बाहेरच्यांसाठी. आपण पहिल्यात छान मेसेज लिहितो आणि दुसरा बंदच राहतो. मग सुट्टीचा निरोप फक्त आपल्याच माणसांना जातो, ज्यांना सुट्टी आधीच माहीत असते! बाहेरच्या भागात 'फक्त माझे कॉन्टॅक्ट्स' निवडलं, तर नवीन ग्राहकाला काहीच जात नाही. दुकानदाराने 'बाहेरचे सगळे' हेच निवडावं असं माझं मत.

टेस्ट बाहेरच्या पत्त्यावरून करा. आणि लक्षात ठेवा, एका माणसाला असा मेसेज साधारण एकदाच जातो. दुसऱ्यांदा टेस्ट केली आणि उत्तर आलं नाही, म्हणून घाबरू नका. आउटलुकमध्ये बंद करून पुन्हा चालू केलं की ती यादी कोरी होते. जीमेलमध्ये त्याच माणसाने पुन्हा मेल केला, तर चार दिवसांनंतरच परत उत्तर जातं.

मेसेजमध्ये तारीख, पर्यायी फोन नंबर आणि दुकान परत कधी उघडणार एवढं पुरे. 'आम्ही सगळे सहकुटुंब गोव्याला जात आहोत' असं अनोळखी लोकांना कळवायची गरज नाही.

"आता मेल कोण बघतं?"

हा आक्षेप मी ऐकून आहे. व्हॉट्सॲपवर सगळं चालतं, मेलसाठी एवढी डोकेफोड कशाला? किरकोळ ग्राहकांसाठी मान्य. पण कारखान्याचं परचेस खातं रेट मेलवरच मागतं आणि पीओ मेलवरच पाठवतं. तिथला माणूस तुम्हाला ओळखत नसतो. उत्तर आलं नाही की तो यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, तुमचा इनबॉक्सच दिसतो.

आता आमच्याकडे नियम आहे. सुट्टीच्या दोन दिवस आधी, सकाळच्या निवांत वेळेत, वेबवरून तारखा टाकून मेसेज लावायचा आणि माझ्या खाजगी पत्त्यावरून टेस्ट करायची. शटर ओढताना नाही. डोमेनचे पासवर्ड एका बंद पाकिटात, आणि ते पाकीट कुठे आहे हे आता दोघांना माहीत आहे. मेसेज तीच मुलगी लिहिते. माझ्यापेक्षा चांगला लिहिते, हे पण सांगतो.

तुमच्या दुकानात कोणी येऊन म्हणालं की 'सर्व्हर नाही म्हणतंय', तर हातातलं काम दोन मिनिटं ठेवा आणि स्क्रीन बघायला जा. मी गेलो असतो, तर एक ऑर्डर वाचली असती. आणि ते ओरडणंही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, माणसंही सांभाळा.